दोन नंबरची डावी बाजू

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. बाबा रोज दोनदा शेडमध्ये येऊन माझ्या मागे उभे राहतात. मदत शून्य, देखरेख भरपूर.

अडीच फुटी रुळांवरच्या त्या सहा इंजिनांपैकी आता दोन नंबर एकटंच उरलंय. २४ तारखेला ते स्वतःच्या वाफेवर घाट चढलं तर रुळांवर राहील; नाहीतर रंगवून बागेत उभं करतील. चाचणीला या जातीचं इंजिन चालवलेली दोन माणसं लागतात. अशी दोनच उरलीत, बाबा आणि तुम्ही.

उत्तराची वाट पाहते. तब्येतीला जपा.
तुमची भाची

७ मार्च

चि. इंजिनियरबाईस,
अनेक आशीर्वाद.

भाचीचं पत्र की कोर्टाची नोटीस, हे कळायला चष्मा लावावा लागला. मी तेवीस वर्षं चार नंबर चालवली. तुझ्या बाबांच्या त्या लंगडीवर, दोन नंबरवर, पाय ठेवणार नाही. चाकाच्या एका फेरीला वाफेचे चार ठोके पडायला हवेत, तिचा तिसरा कायम हुकायचा. सगळं स्टेशन हसायचं, त्यात मी पहिला. ताईला सांग, माझे गुडघे दुखतात.

माया आहेच, ती या नकाराने कमी होऊ देऊ नकोस.
मामा

११ मार्च

ती. मामांस,
सा. न.

काल डावी बाजू उघडली. प्रत्येक सुट्या भागावर त्याच्या इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. डावा व्हॉल्व्ह आणि त्याचा दांडा, दोन्हींवर चार आहे. व्हॉल्व्ह तीन मिलिमीटर झिजलाय. चार नंबर भंगारात निघाली तेव्हा कुणीतरी हे भाग वाचवून इथे बसवले असावेत. म्हणजे तुमची गाडी थोडी तरी शिल्लक आहे. तिच्यासाठी तरी या.

तुमची भाची

१५ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

भंगाराशी संबंध नाही. ते मीच बदलले. दोन्ही इंजिनं दुरुस्तीला शेजारीशेजारी उभी होती. माझ्या गाडीचे भाग झिजलेले, दोनचे नवेकोरे. दाजी लग्नाच्या रजेवर, आमच्याच ताईला घेऊन फिरायला गेलेले. फिटरला चहा पाजला आणि तासाभरात काम उरकलं. दोन नंबर लंगडू लागली आणि पुढे अठरा वर्षं मी त्यांना लंगडीवाले म्हणून चिडवलं. आता कोणत्या तोंडाने त्यांच्या शेजारी उभा राहू? पत्र वाचून फाडून टाक.

तुझा लाजलेला,
मामा

१९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. बिघाडाचं कारण अहवालात लिहावं लागतं. ‘एका चालकाने भाग बदलले’ एवढंच लिहिलं. बाबांनी ते खांद्यावरून वाचलं आणि कोण ते विचारलं. मी खोटं बोलले नाही. त्यांनी काढलेला व्हॉल्व्ह उचलून त्यावरचा चार नंबर पाहिला. मग म्हणाले, इतकी वर्षं वाटत होतं की मलाच गाडी हाकता येत नाही. आणि हसायला लागले ते थांबेनात.

नवा व्हॉल्व्ह बसवला. काल शेडच्या आवारात वाफेवर फिरवून पाहिलं, चारही ठोके सारखे.

२४ तारखेला सकाळी सातला या. बाबांची एकच अट आहे: गाडी ते चालवणार, कोळसा तुम्ही टाकायचा. चढ बारा किलोमीटरचा आहे. तुमच्यासाठी हलकं फावडं काढून ठेवलं होतं. बाबांनी ते उचलून नेलं आणि मोठं आणून ठेवलं.

लोभ आहे, गुडघ्यांचं मलम घेऊन यावं.
तुमची भाची