नोडोणचा रकाना

हुबळी, ता. १९ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप भीमरावअण्णांस,

धाकट्या दत्तात्रेयाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (माझं डोकं सोडून, त्याबद्दल पुढे येतंच). तुमची, पार्वतीवहिनींची आणि आईची प्रकृती कशी आहे ते कळवावं. आईचा गुडघा थंडीत फार धरतो का? वनिता निर्गुडीचा पाला पाठवायचं म्हणत होती. पण तो पाला आम्ही तुमच्या अळणावरहूनच आणलेला. तिथला पाला इथं आणून पुन्हा तिथं पाठवण्यात काय अर्थ आहे, असं मी म्हणालो आणि त्यावरून सकाळी घरात थोडं वाजलं. असो.

मी कोप्पीकर रोडवर नागेशरावांच्या दुकानात चौदा वर्षं गच्चीवरचे सोलर हीटर विकतोय, हे तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकांची सगळी माहिती माझ्या खिशातल्या डायरीत. डायरीत नावं कमी आणि खुणा जास्त. ‘पेरूचं झाड, कुत्रं चावतं’, ‘गुरुवारी खुशीत असतात’, ‘बाई तयार, सासरे आडवे’ असं. मला त्यातून माणूस बरोबर आठवतो. कधी जायचं, किती वेळ बसायचं, कुठल्या आजाराची चौकशी करायची, सगळं. पण श्रावणात नागेशरावांच्या मुलाचं लग्न झालं आणि बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत असलेली श्रीलक्ष्मी सून म्हणून घरात आली. मुलगी गुणी आहे, मला काका म्हणते, खाली वाकून नमस्कार करते. नमस्कार करून उठली आणि म्हणाली, “काका, तुमची ती डायरी जरा द्या ना.”

तिनं कॉम्प्युटरवर एक फळा तयार केला. टास्क बोर्ड म्हणायचं त्याला. फळ्यावर चार रकाने: ‘नवीन’, ‘बोलणं झालं’, ‘पुन्हा जायचं’ आणि ‘झालं’. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक चिठ्ठी. गिऱ्हाईक पुढं सरकलं की माउसनं चिठ्ठी धरायची आणि पुढच्या रकान्यात नेऊन सोडायची. (मी पहिल्या दिवशी धरली, पण सोडता येईना. अर्धा तास एका वकिलाला धरून बसलो होतो. शेवटी प्रवीणनं, म्हणजे दुकानातल्या दुसऱ्या सेल्समननं, माझं बोट उचललं.) चिठ्ठीतल्या गिऱ्हाइकाला लीड म्हणायचं. लीड म्हणजे पेन्सिलीत घालतात ती, एवढंच मला ठाऊक होतं, त्यामुळे “काका, तुमच्याकडे किती लीड आहेत?” असं तिनं विचारलं तेव्हा मी खिशातली पेन्सिल तिच्या हातात दिली. तीन दिवस चिठ्ठीला हात लागला नाही की ती लाल होते. माझ्या डायरीतून एकूण तीनशे बारा चिठ्ठ्या निघाल्या. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बघतो तर फळा असा लाल, की नागेशरावांनी मशीन बिघडलं समजून मेन स्विच बंद केला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं. चौदा वर्षांत आवाज चढवला नाही त्या माणसानं, त्या दिवशीही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दत्तू, महिनाअखेर ‘झालं’मध्ये काही दिसलं नाही तर तू आता काउंटरलाच बस. फिरतीचं काम प्रवीण बघेल.” अण्णा, काउंटर म्हणजे काय ते सांगतो. दिवसभर पाइपचे वायसर आणि नळाच्या तोट्या विकायच्या. माझं सगळं आयुष्य लोकांच्या घरांत जाण्यात गेलं आहे. त्या रात्री मी जेवलो नाही (म्हणजे भात घेतला नाही).

मग मी आणि प्रवीण दोघं फळ्याच्या मागं लागलो. बेलूरच्या इंडस्ट्रियल एरियात लेथ चालवणारे तुकारामराव आहेत. माझ्या डायरीत ते निरनिराळ्या वर्षी ‘तुकाराम’, ‘लेथवाले’, ‘पांढरी मोटरसायकल’, ‘बेलूर, मोठा आवाज’ आणि ‘रविवारी फोन नको’ असे पाच ठिकाणी होते. श्रीलक्ष्मीनं इमानानं पाच चिठ्ठ्या केल्या. तीन माझ्या वाट्याला, दोन प्रवीणच्या. एकाच रविवारी आम्ही त्या माणसाला पाच फोन केले. सोमवारी तुकारामराव मोटरसायकलवरून थेट दुकानात. “अरे, हीटर मी तुमच्याकडूनच घेतला आहे! दोन हजार तीनला! तो गळतोय म्हणून चार वर्षं मी फोन करतोय, तेव्हा कुणी उचलत नाही, आणि आता हीटर हवा का म्हणून दिवसभर विचारता?” रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. श्रीलक्ष्मीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पाच चिठ्ठ्यांची एक केली आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्री पाठवला. जाताना ते तिच्याशी हसून बोलले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण खरी अडचण पुढंच होती. आपल्याकडचा माणूस सरळ हो म्हणत नाही आणि नाही तर मुळीच म्हणत नाही. तो “नोडोणरी” म्हणतो. बघू या की. या एका शब्दात हुबळीत काय काय मावतं ते बंगळूरच्या माणसाला कळायचं नाही. नोडोण म्हणजे नको, नोडोण म्हणजे मुलगा गावाहून आला की, नोडोण म्हणजे आता चहा घ्या आणि उठा. मी तिला विचारलं, बाई, ही चिठ्ठी कुठं ठेवू? ‘बोलणं झालं’ की ‘पुन्हा जायचं’? ती विचारात पडली आणि तिनं ‘नोडोण’ असा पाचवाच रकाना काढला. आठवड्याभरात चार रकाने ओस पडले आणि पाचव्यात दोनशे ऐंशी माणसं दाटीवाटीनं उभी राहिली.

त्यात सगळ्यात वर होत्या हेमावतीबाई. धारवाडला माळमड्डीत राहतात, निवृत्त हेडमास्तरीण, एकट्याच. माझं आवडतं घर. चार वर्षांत मी एकोणीस वेळा गेलो आहे. गेलं की त्या चहा करतात, सोबत चकली किंवा कोडबळं, आणि मग पाऊसपाणी, त्यांचे विद्यार्थी, माझी पोरं. हीटरचा विषय निघालाच तर मी म्हणतो, घाई नाही बाई, सवडीनं. त्या म्हणतात, नोडोण. श्रीलक्ष्मीनं ती चिठ्ठी बघून कपाळाला हात लावला. “काका, एकोणीस वेळा? यांना एकदा सरळ विचारून या. हवा की नको. नको म्हणाल्या तर काढून टाकू.” काढून टाकू! माणसाला! मी फार चिडलो. अशानं धंदा होत नसतो, नाती तुटतात, वगैरे बरंच बोललो. मग छत्री घेतली (ऊन होतं, पण हातात काहीतरी हवं होतं) आणि धारवाडची बस धरली.

बाईंकडचा विसावा चहा प्यायलो. दुसरं कोडबळं उचललं आणि डोळे मिटून विचारून टाकलं, “बाई, तुम्हाला हीटर हवा आहे की नको?”

बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग उठल्या आणि म्हणाल्या, “वर चला.” गच्चीवर गेलो. तिथं नवाकोरा हीटर चमकत उभा होता. दुसऱ्याच दुकानाचा.

“दसऱ्याला बसवला,” त्या म्हणाल्या. “दत्तात्रेय, चार वर्षं मी वाट बघत होते की तुम्ही कधी विचारता. हिवाळ्यात बादल्या उचलून माझा हात गेला. तुम्ही येता, चहा पिता, घाई नाही म्हणता आणि उठून जाता. मला वाटलं, बाईमाणूस एकटी, पैसे बुडवेल असं वाटत असेल यांना. मग त्या दुसऱ्या दुकानाचा माणूस आला. पाच मिनिटं बसला, हवा का म्हणाला, मी हो म्हणाले.”

हीटर बरोबर दक्षिणेकडे तोंड करून बसवला होता, चूक काढायलाही जागा नव्हती. खाली येऊन निघालो तर त्यांनी उरलेली कोडबळी पुडीत बांधून दिली. तीच मला जास्त लागली.

बसमध्ये रागाचा नुसता भडका. फळ्याचा राग, श्रीलक्ष्मीचा राग, त्या पाच मिनिटवाल्याचा राग. नवलूर येईपर्यंत सगळे राग संपले आणि माझ्यावरचा तेवढा उरला. दुकानात आल्यावर श्रीलक्ष्मीनं मला खुर्ची रिकामी करून दिली. मी स्वतः माउस धरला, बाईंची चिठ्ठी काढून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून नोडोणच्या रकान्यात वरून खाली एकेकाला सरळ विचारत सुटलो. पंधरा दिवसांत त्रेसष्ट जणांना विचारलं. एकोणपन्नास जण नको म्हणाले, आणि अण्णा, तेवढ्या जणांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! एका गृहस्थांनी तर मला मिठी मारली. नको म्हणायचा धीर त्यांना सहा वर्षं होत नव्हता म्हणे, मी येताना दिसलो की ते मागच्या दारानं बाहेर पडायचे. चौदा जण हो म्हणाले. काउंटरला प्रवीण बसतो.

तरी तो फळा माझ्या डोक्यात जातो तो जातोच. वहिनींना नमस्कार, आईला साष्टांग.

तुमचा,
दत्तू

ता. क. फळ्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते नागेशरावांच्या कानावर जाऊ देऊ नये. फळा मीच रोज सकाळी आधी उघडतो.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. उगादीला, मे महिन्यात आणि गणपतीत असा तीनदा मी अळणावरला येऊन गेलो तो सहज नव्हे. मे महिन्यात तर विचारायचंच म्हणून पिशवी हातात घेऊन अर्धा तास तुमच्या दारात उभा होतो, आणि फणसाविषयी बोलून परत आलो. आईला आमच्याकडे राहायला पाठवाल का? पाहुणी म्हणून नव्हे, राहायला. मधली खोली रिकामी केली आहे. मागच्या रविवारी आमच्याही गच्चीवर हीटर बसवला. (हो, आजवर नव्हता. वनिता बंब पेटवत होती. यावर हसू नये.) तुमच्याकडे तिचं काही कमी होतं असा अर्थ काढू नये, आणि वहिनींना ही ता. क. वाचून दाखवू नये. हो की नाही तेवढं लिहा. नाही लिहिलंत तरी संक्रांतीला आम्ही येणारच आहोत.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी वरचं सगळं वनितानं वाचलं आणि म्हणाली, अण्णांना काय विचारता? तेव्हा अण्णा, तुम्ही हो-नाही काही लिहू नका. आईला विचारा. कुठं राहायचं हे अप्पा गेल्यापासून आपल्या दोघांपैकी एकानंही तिला विचारलेलं नाही. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा.