डायनिंग कारचे दार

१. केडगावला आप्पासाहेब डहाळे यांच्या वर्कशॉपमध्ये १९११ सालची डायनिंग कार पर्यटकांच्या खास गाडीसाठी पूर्ववत करण्याचे काम होते. नकाशे व मोजमापे माझ्याकडे, सुतारकाम रंगनाथ राऊत मिस्त्री यांच्याकडे.

२. स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराला वर तीन सूत फट ठेवावी, असे मिस्त्रींचे म्हणणे होते. मी एकच सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवायला लावली.

३. ता. १४ मार्च १९७२ रोजी चाचणीसाठी टाक्या भरल्या, माणसे बसवली, गाडी चालवली. आत तेल पेटले आणि दार अडकले.

४. स्वयंपाकीण चांगुणाबाई आत होत्या. मिस्त्रींनी दार फोडून त्यांना काढले. तोवर त्यांचे दोन्ही हात भाजले होते.

५. अहवालात "सुतारकामातील दोष" असे कारण दिले. अहवाल मी लिहिला. मिस्त्रींना कामावरून काढले. ते जामखेडला गावी गेले.

मी, पुष्पावती उत्तमराव वाकचौरे, वय २६, अविवाहित, मूळची अकोले तालुक्यातली, हल्ली मुक्काम केडगाव, मेकॅनिकल डिप्लोमा, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. २७ तारखेला पुण्यात दाखल व्हायचे आहे, नंतर ऑपरेशन. धोका किती, ते डॉक्टरांनी आकड्यात सांगितले. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही.

कलम १. वरील अहवाल खोटा आहे. रेल्वेचा डबा रिकामा असताना मध्ये किंचित वर उचललेला असतो आणि भार आला की सरळ होतो. मला हे पुस्तकातून माहीत असायला हवे होते. मिस्त्रींना हाताने माहीत होते. ते म्हणाले होते, "बाई, रिकामा हाय तवर डबा पाठ वर काढून बसतो. मान्सं बसली की खाली येतो. दाराला जागा सोडू द्या."

मी म्हणाले, "नकाशात एक सूत आहे."

त्यांनी रंधा उचलला आणि मी सांगितले तसे केले. अपघातानंतर आप्पासाहेबांनी मला समजावले की मिस्त्री वयाने थकलेच आहेत, तुमची नोकरी मात्र नवी आहे. पण सही करताना माझा हात कोणी धरला नव्हता.

कलम २. अकोल्याच्या जमिनीतील माझा हिस्सा भाऊ राधाकृष्ण याला. मी डिप्लोमाला निघाले तेव्हा तो म्हणाला होता, पाना फिरवून बाईचं कुठं भलं झालंय. भातखाचराचा खालचा बांध त्याने दगडी घालावा. माझा ड्रॉइंग बोर्ड आणि कंपासपेटी त्याच्या मुलीला द्यावी. पेटी माळ्यावर टाकू नये.

कलम ३. पोस्टातील सर्व शिल्लक चांगुणाबाईंना. दवाखान्यात मी तीनदा गेले. तिन्ही वेळा हवापाण्याचे बोलून परतले. शेवटच्या वेळी त्यांनीच हात पुढे केले. "मोजून बघा बाई, बोटं धाच हायेत. मिटत न्हाईत एवढंच." आणि हसल्या. आता त्यांच्या भाकरी सून थापते, आणि सुनेच्या भाकरीला त्या रोज नावे ठेवतात असे ऐकते.

कलम ४. माझी पाणसळ, म्हणजे पातळी तपासायची पट्टी, वर्कशॉपमध्येच राहू द्यावी. तिने रिकाम्या डब्याची जमीन दाखवली, ती बरोबरच होती.

कलम ५. माझे दहन केडगावलाच करावे. अकोल्याला नेण्यासाठी कोणी जीप शोधत बसू नये.

इथपर्यंत कच्चे लिहून मी पाकीट बंद केले होते. मग लक्षात आले की मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. ऑपरेशन नीट झाले तर कलम १ कपाटात राहील आणि मी पुन्हा कामावर जाईन. म्हणून कलम २ ते ५ माझ्या पश्चात, आणि कलम १ आजपासून अमलात. त्याची एक नक्कल आप्पासाहेबांना व एक रेल्वेच्या तपासणी अधिकाऱ्यांना आजच रजिस्टर टपालाने पाठवत आहे.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही:
गोरक्ष शिंदे, फिटर. (त्यांनी कलम १ दोनदा वाचले.)
कलाबाई कोतकर, घरमालकीण.

सही: पुष्पावती उत्तमराव वाकचौरे
केडगाव, जि. अहमदनगर
ता. १३ नोव्हेंबर १९७२

रंगनाथ मिस्त्री यांस,

ही प्रत तुमची. २५ तारखेला, शनिवारी, दुपारच्या सुट्टीत मी कलम १ वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर वाचणार आहे. वाचताना तुम्ही तिथे असावे अशी माझी इच्छा आहे. तुम्ही आला नाहीत तरी मी वाचेन. येणार की नाही, एवढे बुधवार, ता. २२ पर्यंत कार्डाने कळवावे.