नाल्याकाठचा पालक

आई, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. कशाने गेलीस ते डॉक्टरांच्या कागदावर आहे. नाल्याच्या पाण्याशी ते जोडण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून जोडत नाही.

चंद्रपूरच्या बाहेर नाल्याकाठी आपले पालकाचे वाफे होते. शहराचं सांडपाणी मोटारीने उचलून तू त्यांना सोडायचीस. पानं तळहाताएवढी व्हायची. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "काय चारता वो बाई याले?" आणि तू म्हणायचीस, "तुमच्याच घरचं धुणं-भांडं वापस देतो." लोक हसायचे आणि एक जुडी जास्त न्यायचे.

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तर तू चुलीपुढे पालक चिरत बसली आहेस. मी तुला समजावते, की या पाण्यातलं शिसं मातीच्या वरच्या थरात साचतं, पालेभाजी ते पानात ओढून घेते, आणि धुऊन ते जात नाही. घरापुरता एक वाफा विहिरीच्या पाण्यावर कर, शेजारच्यांनी केलाच आहे. तुझा हात विळीवर चालूच राहतो. "लोकाले एक अन् आपल्याले एक, काऊन? जे इकतो तेच खातो. पटत नसन तं तू नको खाऊ." मी खाल्लं नाही. तू खात राहिलीस. विकू नको, असं मी म्हटलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

आता मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ते वाफे वहिनी बघते. मातीवर पांढरा थर धरतो, पाणी जिरायला वेळ लागतो, पानं मात्र तशीच मोठी येतात. मागच्या महिन्यात माती आणि पानं मी स्वतः तपासली. पानांत शिसं मर्यादेच्या वर आहे. काल ते सांगायला गेले. पालक बंद कर, झेंडू लाव, हे वाक्य बसमध्येच तयार केलं होतं.

निकाल ऐकून वहिनी म्हणाली, "बापा! अन् मी पोरीले रोज चारून राह्यली. बाई, विहिरीपाशी घरच्यासाठी अलग वाफा करतो, आजच." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "अन् बाजाराचं?"

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "बघू." तिनं जागा मोजायला दोरी आणली. दुसरं टोक मी धरलं.