औषधांवर जमवलेली सहल

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन हातात असताना पत्रं कसली लिहिता, म्हणून बेकरीत सगळे मला हसतात. त्यांना काय सांगू? तुझी खोली एक, भाऊजी तिथेच अंथरुणावर, म्हणजे फोनवर तू छान चाललंय यापलीकडे काही बोलायची नाहीस. खरं काय ते पत्रातच कळतं.

आता कामाचं. विमानाच्या पॉइंटांचं या खेपेला मी फारच मनावर घेतलंय. बेकरीचा मैदा, साखर, लोणी सगळं माझ्या कार्डावर घेते, मालक नंतर मला भरून देतात. पॉइंट माझे, त्यांवर विमानाची तिकिटं फुकट. मालक म्हणाले, बाई, तुम्ही मैद्याच्या पोत्यावर बसून उडणार बहुतेक. म्हणेनात का! तुझं येण्याजाण्याचं तिकीट, माझं तिकीट आणि मधल्या शहरात हॉटेलची एक खोली, एवढं जमलं की झालं. अडचण तीच. तुझ्या नणंदबाई शाळेच्या सुट्टीत एकच आठवडा भावाला सांभाळायला येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात पॉइंटांवरच्या जागा गायब! बाकी वर्षभर विमानं रिकामी उडतात मेली.

मीच तिकडे आले असते गं. पण ज्या मेहुणीला पोहायला शिकवलं, तिने आपल्याला असं पडलेलं बघू नये, हा भाऊजींचा हट्ट. तो मोडायचा धीर मला होत नाही आणि तुला तर त्याहून नाही. तुला पाहून सहा वर्षं झाली, ताई. परवा आरशात केस विंचरताना वळून पाहिलं तर मान अगदी तुझ्यासारखी वळली. मग मुद्दाम पुन्हा एकदा वळून पाहिलं.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांच्यापासून लपवून वाचायचं म्हणजे दिव्यच. डोळे मिटून पडलेले असतात, पण कान कसे टवकारलेले. मैद्याच्या पोत्याचं वाचून मला हसू फुटलं आणि मग सगळं सांगावं लागलं. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी काय करावं? तुझं नाव खारूताई ठेवलं, आणि मला म्हणाले, माझी औषधं, डायपर, ती प्रोटीनची पावडर, हे सगळं तू रोख का आणतेस, वेडे? कार्ड काढ. माझ्या दुखण्याचा कुणाला तरी फायदा होऊ दे.

तर काढलं कार्ड. आता डाव्या हाताने फोन छातीवर धरून यांचं दिवसभर हेच. कुठल्या कंपनीचे पॉइंट कुठल्या विमानाला चालतात, कुठल्या हॉटेलात दोन रात्रींवर तिसरी फुकट. तलावावर शिट्टी फुंकायचे ना, त्याच जोमात मला हुकूम सोडतात. माझ्या शिलाईच्या गिऱ्हाइकांनाही सल्ले देणं सुरू आहे. परवा एक बाई ब्लाउज उसवून घ्यायला आली ती कार्डाचा अर्ज भरून गेली.

फोनवर तू विचारलंस, मला काय हवं. खरं सांगू? मला कुणीतरी आयता चहा हातात द्यावा आणि समोर तू बसावीस. बाकी हॉटेलात काय असतं नसतं, त्याचं मला काही नाही.

खाण्याची आबाळ करू नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी म्हणजे कमालच! त्यांनी पाठवलेली हॉटेलची ऑफर खरी निघाली. मी दोन वर्षं शोधतेय, मला दिसली नव्हती. खोली धरली. खिडकीतून नदी दिसते म्हणे. न का दिसेना, आपण बोलतच बसणार.

आता फक्त तिकिटं. माझं झाल्यात जमा आहे, तुझ्यासाठी थोडे कमी पडतात. औषधांच्या दुकानात या महिन्यात दुप्पट पॉइंट आहेत असं तू फोनवर म्हणालीस, तर लागेल तेवढं घेऊन ठेव. पण अतिरेक करू नका हं. तुमच्या दोघांचा काही नेम नाही.

बेकरीत केक सजवताना हल्ली माझं लक्ष नसतं. काल लग्नाच्या केकवर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या. मालकांनी एवढंच विचारलं की बहिणीचं नक्की झालं का. तुझा आवाज मला फोनवर ऐकू येतो, पण बोलताना तू ओठ कसे मुडपतेस ते नाही ना दिसत. त्यासाठी जीव तुटतो.

दोघांनाही माझा नमस्कार. राग धरू नका, माया कमी करू नका.
तुझी धाकटी


६ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अतिरेक झाला. हे म्हणाले, दुप्पट म्हणजे दुप्पट, संधी सोडायची नाही. वर्षभराची पावडर आणि डायपर आणून टाकलेत. खोके छतापर्यंत गेलेत. शिलाईच्या मशीनकडे जायचं तर तिरकं होऊन जावं लागतं. दुकानदाराने विचारलं, ताई, दवाखाना काढताय का?

पण जमलं गं! सुट्टीच्या आठवड्यातली जागा यांनीच शोधली. पहाटेपासून फोन सोडला नव्हता. जागा मिळाली तेव्हा ओरडले ते इतके की मला वाटलं काही झालं. मला जवळ बसवून म्हणाले, खारूताईला सांग, तुला तिच्याकडे मी पाठवतोय. मग मला रडू आलं आणि त्यांनाही. नणंदबाई येतेच म्हणाल्यात.

नवा सलवार-कुडता शिवलाय, निळा. लोकांचे इतके शिवले, माझ्यासाठी शिवताना मापच आठवेना. रात्री डोळा लागत नाही, इतका आनंद बरा नव्हे असं वाटत राहतं. विमानात मला एकटीला जमेल ना? तू आधी पोचून विमानतळाच्या दारातच उभी राहा. मी तुला शोधत बसणार नाही.

भेटूच. तोवर मायेत अंतर नको.
तुझी ताई


२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

फोनवर तुला कळलंच आहे. तेव्हा मला बोलता आलं नाही म्हणून लिहितेय.

सकाळी चांगले होते. तू विमानात काय खाशील, असं विचारत होते. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यातच गेले.

तिकीट रद्द करावं लागलं. त्या आठवड्यात नणंदबाई आल्या, पण भावाला सांभाळायला नाही. पॉइंट परत जमा झालेत. दुकानदार चांगला आहे, न फोडलेले खोके परत घेतो म्हणाला. मात्र खोके परत केले तर त्यांवरचे पॉइंटही जातील. मी म्हटलं, ने बाबा. त्याचा माणूस आला, दोन खोके उचलले, आणि मी त्याला थांबवलं. खोके गेले की पलंग एकदम उघडा पडतो. मोठी झाली गं खोली. मला तिची सवय नाही.

काल औषधांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. काय हवंय म्हणून त्याने विचारलं तेव्हा भानावर आले.

फोनवर जेमतेम तेवढंच म्हटलं होतं, पुन्हा सांगते, तू यायची घाई करू नकोस. तुझी नोकरी आहे, तिकिटं महाग आहेत. सावकाश एखादी स्वस्त तारीख बघ. सुट्टीचा आठवडा बघायची आता गरज नाही. मला कुठलाही आठवडा चालतो.

तुझी ताई


ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तारीख लिहायची विसरले, राहू दे. विमानतळावर बसून लिहितेय. तुझं पत्र बेकरीत मिळालं. शेवटचं वाक्य वाचलं आणि अंगातला एप्रन काढून मालकांच्या हातात दिला.

तिकिटांच्या खिडकीवर उभी राहिले आणि सगळ्यात आधी सुटणारं द्या म्हटलं. कार्डावर किती पॉइंट आहेत, ते वापरायचेत का, असं त्या मुलीने विचारलं. नको म्हटलं. महाग पडेल म्हणाली. पडू दे म्हटलं. इतकी वर्षं मी स्वस्त तारीख शोधत बसले, ताई, आणि मला वाटायचं की मी तुझ्याकडे यायची तयारी करतेय.

भाऊजींनी मला बघायला बंदी केली होती, ती मी पाळली. आता कुणाचं ऐकणार नाही. तू काही करू नकोस, उठू नकोस, दार नुसतं लोटून ठेव. चहा मी करीन.

बोलवताहेत, निघते. हे पत्र टाकायचं राहिलं, पण आता टाकून तरी काय करू? मीच घेऊन येतेय. तुझ्या हातात देईन, आणि तू वाचेस्तोवर समोर बसून राहीन.

तुझीच,
धाकटी