एकट्यानं शेवटची स्टेज

२८ सप्टेंबर १९९७

सहाव्या स्टेजला मेलो. अंगठा ठणकतोय. पंचविशीत अख्खा रविवार टीव्ही गेम खेळायचो, काही व्हायचं नाही. आता चौतिशीत तासाभरात मान धरते. बायको म्हणते, "टेलरच्या हाताला दुसरं काम नाही का?" नाही! शेवटची स्टेज पार करायचीच — आणि एकट्यानं. आजवर तिथपर्यंत पोचायचो ते अण्णाबरोबर, थोरल्या भावाबरोबर, दोघं मिळून. आता अण्णा येत नाही, तर नाही.

३० सप्टेंबर

दुकानात दसऱ्याची शिलाई तुंबलीय. गिऱ्हाइकं कानडीत विचारतात, "मास्टर एल्ली?" मास्टर कुठे ते काय सांगू? उगादीच्या पाडव्यानंतर एक दिवस अण्णानं, माझ्या सख्ख्या भावानं, कटिंगची कात्री खाली ठेवली. "तूच सांभाळ," म्हणाला आणि घरी जाऊन बसला. का, ते सांगितलं नाही. मीही विचारायला गेलो नाही. राग येतो. फार येतो.

५ ऑक्टोबर

सातवी पार. हात पूर्वीसारखे चालत नाहीत, मग डोकं चालवलं. आधी धडाधड पुढे पळायचो. आता थांबतो, बघतो, मग उडी. वय वाढल्याचा एवढा तरी फायदा.

९ ऑक्टोबर

शेवटच्या स्टेजला पोचलो. एकटा! तेवढ्यात जेवायची हाक. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून पॉज करून चालूच ठेवलंय.

१० ऑक्टोबर, आयुधपूजा

गेलं सगळं. आईनं पहाटे पूजेला शिलाई मशीन, इस्त्री मांडली, आणि शेजारी टीव्ही गेम — वायर उपटून! वर गंध-कुंकू, कॅसेटच्या खाचेत अक्षता. "रोज हातात धरतोस, मग आयुधच की ते," म्हणाली. हसावं की रडावं! पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नाही. सरी, ठीक आहे. पुन्हा पहिल्यापासून. सोडणार नाही.

११ ऑक्टोबर, दसरा

अण्णा आईच्या पाया पडायला आला. मी अक्षता झटकून गेम लावत होतो. शेजारी बसून त्यानं दुसरी जॉयस्टिक उचलली. खेळलो. समोरून येणारी गोळी त्याला दिसलीच नाही. दुसरीही नाही. पार टीव्हीला नाक लावलं, तरी नाही.

"शुगर डोळ्यांत उतरली रे," म्हणाला. "गिऱ्हाइकाचं कापड वाकडं कापलं असतं, तर नाव तुझं गेलं असतं."

सोमवारी दुकान बंद. अण्णाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय.