बारकी भडकत नाही

४ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, माझ्यासाठी. उद्या शोध गाजला की लोक विचारतात, सुचलं कसं. तेव्हा आठवत बसायला नको.

समितीची बैठक २८ला. मोठ्या दुर्बिणीवर यंदा एकाच ग्रहाला वेळ मिळणार. तो माझ्या बारकीच्या ग्रहाला. बारकी म्हणजे माझा तारा. यादीत तिला लांबलचक नंबर आहे, पण सहा वर्षं रोज तोंड पाहिल्यावर माणूस नंबराने हाक मारत नाही. सूर्यापुढे अगदीच चिमुकली, लालसर, थंड. तिच्या अंगाला चिकटून एक खडकाळ ग्रह फिरतो. तिथे हवा असू शकते. पाणीसुद्धा.

अट एकच, तारा शांत हवा. असल्या छोट्या ताऱ्यांना भडकायची खोड असते. आतून सगळं ढवळत असतं, चुंबकीय दोऱ्यांना पीळ बसत जातो, पीळ तुटला की भडका. मग जवळच्या ग्रहाची हवा उडालीच म्हणून समजा. बारकी त्यातली नाही. बारकी शांत आहे. माझ्यासारखी.

७ ऑक्टोबर
आमची रोजची छोटी दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. आमचं ऑफिस सुरू असतं तेव्हा तिकडे रात्र. आजच्या फोटोंत बारकी एकदम दुप्पट उजळली आणि चहा संपेपर्यंत पूर्ववत.

विमान असणार. कापलं.

माझी पद्धत साधी आहे. उजेडाच्या आलेखात एखादा ठिपका अचानक उडी मारून वर गेला की ती चूक समजायची, कापायचा, 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. उरतो तो तारा.

९ ऑक्टोबर
पुन्हा विमान. दुपारी आणखी एक.

शेजारच्या टेबलावर भडकेवाली बसते. ताऱ्यांचे भडके हाच तिचा विषय, त्यामुळे बाईला जिथेतिथे आग दिसते. तिने विचारलं, तिकडून एवढी विमानं कुठे जातात? म्हटलं, सुट्ट्यांचे दिवस आहेत.

१२ ऑक्टोबर
डॉक्टरांनी ब्लडप्रेशर रोज लिहून ठेवायला सांगितलंय. बायको नर्स आहे, त्यामुळे पळवाट नाही. पहिल्यांदा जास्त आलं. पट्टा सैल होता. दुसऱ्यांदा जास्त आलं. मी जिना चढून आलो होतो. नंतर बरं आलं, ते लिहिलं.

बायको म्हणाली, चढलेले आकडे तेवढे गाळायचे आणि मग प्रकृती उत्तम म्हणून मिरवायचं, हे तुम्हालाच जमतं. तिला समजावलं की शास्त्रात याला स्वच्छता म्हणतात. समजावताना आवाज किंचित चढला असेल. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. वारा असणार.

१६ ऑक्टोबर
विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, बैठकीआधी तो कचरा एकदा भडकेवालीला पाहू द्या, समितीसमोर शोभा नको. मी रागावलो नाही. फक्त फाइल ठेवली. कप फुटला, तो मुळातच कडेला होता.

बाहेर येऊन भडकेवालीला सांगितलं, घे बाई, सहा वर्षांचा कचरा घे, उकिरडा फुंकायची हौस आहे तर फुंक! ती आनंदाने थँक्यू म्हणाली. काही लोकांना टोमणा कळतच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

२१ ऑक्टोबर
बायकोने विचारलं, त्या ग्रहावर खरंच कोणी असेल का हो? मी म्हटलं, पुराव्याशिवाय शास्त्रज्ञ बोलत नाही.

इथे लिहायला हरकत नाही. मला वाटतं, असेल. सकाळी मोजे शोधताना मनात येतं, तिकडे आत्ता हवा कशी असेल. शेवाळाएवढं काहीतरी असलं तरी पुरे. त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याशिवाय आहे कोण?

२५ ऑक्टोबर
भडकेवाली कॉरिडॉरमध्ये, चार माणसांसमोर म्हणाली, बैठकीत न कापलेली मोजमापं दाखवाल का? मी म्हटलं, न कापलेली काय, थेट दाखवतो! दुर्बिणीतून येतील तशी, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत. होऊन जाऊ दे.

बायको म्हणते, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण एकदा शब्द गेला की गेला. मी मागे हटणाऱ्यातला नाही.

आलेखाची उंची मुद्दाम कमी ठेवली आहे. बारकीला जास्त लागत नाही.

२८ ऑक्टोबर, दुपार
सुरुवात झकास. बारकीची रेघ पडद्यावर सरळसोट. मी म्हणालो, पाहा, आहे की नाही गरीब गाय? समितीतले म्हातारे हसले.

ग्रहावरच्या हवेबद्दल बोलत होतो तेवढ्यात रेघ उचलली. विमान, म्हटलं. आणखी उचलली. पक्षी, म्हटलं. मग रेघ आलेखातून वर निघून गेली आणि परत येईना. अध्यक्षांनी विचारलं, तारा कुठे गेला? कॅमेऱ्याचा ऑपरेटर फोनवरून सांगत होता की उजेड झेपत नाही, कॅमेरा आंधळा झालाय. मी शांतपणे उत्तर दिलं. ते शेवटच्या रांगेपर्यंत आणि म्हणे पार्किंगपर्यंत ऐकू गेलं.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ
वेळ दुसऱ्या ग्रहाला मिळाला. त्याचा तारा मी पाहिलाय. अगदीच मिळमिळीत.

जेवलो नाही. सारखा तो ग्रह डोळ्यांपुढे येतो. हवा राहिलीच नसेल. बहुतेक कधीचीच उडून गेली असेल. रडू आलं. बायको शेजारी येऊन बसली.

३० ऑक्टोबर
हार मानलेली नाही. एका भडक्याने स्वभाव ठरत नाही. समितीला कडक पत्र लिहिणार.

२ नोव्हेंबर
मॅडमनी बोलावलं. पत्राबद्दल असेल म्हणून तयारीने गेलो. पत्र त्यांनी उघडलंच नव्हतं.

भडकेवालीला बारकी हवी आहे. एवढा तापट छोटा तारा तिने पाहिलेला नाही. तिच्या यादीत पहिला नंबर. आणि मदतनीस म्हणून मीच हवा, कारण बारकीचा भडका माझ्याइतका अचूक कोणी ओळखत नाही. तिने सगळं तपासलं. सहा वर्षांत मी नेमके भडकेच कापले, एकही सोडला नाही. काम काय, तर कापलेला प्रत्येक ठिपका पुन्हा जागेवर बसवायचा.

मी स्पष्ट सांगितलं, तिच्या हाताखाली काम करणार नाही. जीव गेला तरी नाही. उद्या तिलाही तोंडावर सांगणार.

३ नोव्हेंबर, सकाळ
ती दहाला येते. मी साडेनऊलाच येऊन बसलोय. नुसतं बसून काय करायचं, म्हणून पहिल्या वर्षाचे ठिपके लावून टाकले.