हात लावू का

आये, तुझी तेलाची पितळी वाटी सापडली. हरवली कधीच नव्हती म्हणा. तू गेल्यावर मी घरभर शोधली आणि उगाच भावजयीवर संशय घेतला. वाटी अंबाडीकडच्या उपकेंद्रात आहे, बाळंतपणाच्या खोलीत, खिडकीत ठेवलेली. आपल्या पाड्यावरच्या शेजारणीची सून, जिला तू सोबत नेऊन नेऊन सुईणपण शिकवलंस, तिला तू ती देऊन टाकली होतीस. तुझ्यामागे तिने नर्सिंग केलं, आता तिथली सिस्टर तीच. खोलीत कॉट आहे, पण खाली चटईसुद्धा अंथरलेली असते. उकिडवं बसून धरायला वरून दोर सोडलाय. कोपऱ्यात आपल्यातली एक म्हातारी सुईण बसलेली असते आणि सगळं बोलणं वारलीत चालतं. बाळाची वार घरी नेऊन पुरायची असेल तर नीट बांधून हातात देतात. बाई अडली असं दिसलं की गाडी बोलावून वेळेत भिवंडीला पाठवतात. मी चुका काढायला गेले होते. एकही सापडली नाही, त्यामुळे राग जास्तच आला. सरळ लिहिते, माझ्या पोटात दुखतं. सुईणीच्या लेकीने असं म्हणावं, तुला हसू येईल.

भिवंडीच्या दवाखान्यात माझं अख्खं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलं, हे तुला माहीत आहे. भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत असायचे, आत बाया ओरडायच्या, आणि त्या सगळ्यांच्या वर माझा आवाज. मराठीत रागवायचे, हिंदीत रागवायचे. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि वाटलं, आता लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातांनी करू. लेक दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. आठवा लागला तशी एक दिवस जेवताना म्हणाली, मी अंबाडीच्या सिस्टरकडे नाव घातलंय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे.

मी म्हटलं, "अगं, आख्खी भिवंडी माझ्या हाताखालून गेली, आणि तू तिच्याकडे जाणार?"

"आई, शाळा सुटल्यावर मी तुझ्या वॉर्डाबाहेर बाकावर बसायचे ना? मला आतलं सगळं ऐकू यायचं."

"काय ऐकू यायचं?"

"तू," म्हणाली, आणि ताट उचलून मोरीवर गेली.

तेव्हापासून मला तो दिवस सारखा आठवतो. तू पाड्यावरची एक अडलेली बाई जीपमधून घेऊन आली होतीस. बाळ आडवं होतं, ते तू बरोबर ओळखलंस आणि बरोबर वेळेला आणलंस. ड्युटी माझी. मी बाईचं लुगडं वर केलं, तपासलं, आणि वॉर्डातल्या मावशीला म्हटलं, त्या म्हातारीला बाहेर बसवा. म्हातारी म्हणजे तू. ही माझी आई आहे असं मी तिथे कुणालाच सांगितलं नाही. तूही बोलली नाहीस, मुकाट्याने बाहेर जाऊन बाकावर बसलीस. बाई वाचली, बाळ वाचलं. मग त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस, मी चहा गाळते आहे, आणि माझ्याकडे न बघता तू म्हणतेस,

"हात लावायच्या आधी इचारलंस का तिला?"

"आये, तिथं येळ नसतो."

"इचारायला किती येळ लागतो?"

एवढंच. भाकरी तव्यावर टाकलीस आणि विषय संपला. मला वाटलं, हिला दवाखान्यातलं काय कळतंय. तू प्रत्येक बाईला विचारायचीस, पाचव्या खेपेच्या बाईलाही विचारायचीस, वाटीत बोटं बुडवून थांबायचीस. लहानपणी मला ते बावळटपणाचं वाटायचं. त्या बाईने तुला काय नको म्हणायला बोलावलेलं असतं का?

परवा सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या आणि आम्ही अंबाडीला पोचलो. सिस्टर म्हणाली, "ताई, तुमी पण या आत." म्हणजे माझ्या लेकीच्या खोलीत मला तिने बोलवायचं. गेले. लेक दोर धरून उकिडवी बसली होती. सिस्टरने वाटीत बोटं बुडवली आणि विचारलं, "बाय, हात लावू का?" अगदी तुझाच सूर, आये. तो तिच्या गळ्यात कसा गेला आणि माझ्या का नाही, या विचाराने मी तिथेच जळून गेले. लेकीने मान हलवली तेव्हा कुठे तिने हात लावला. पुढची कळ आली तसा माझा हात आपोआप पोटाकडे गेला. सिस्टरने माझं मनगट धरलं, हळूच धरलं. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "हात लावू का गं?"

"नको आई. तू बस नुसती."

मी भिंतीला टेकून बसले. शेजारची म्हातारी सुईण मला पान देत होती, तेही मी घेतलं नाही. दुपारच्या आत मुलगी झाली. जिवणी तुझ्यासारखी आहे. सिस्टरच्या हातात ती पहिल्यांदा रडली, आणि तेवढ्या आनंदातही माझी नजर त्या हातांवर होती.

हे कागद वाटीखाली ठेवले असते, पण वाटी तिच्याकडे आहे. आयेने परक्या सुनेला शिकवलं आणि पोटच्या पोरीला नाही, असं मी आजवर दहा जणांना सांगत आले. खरं तुला माहीत आहे. मी नर्सिंगला निघाले त्याच्या आदल्या दिवशी चुलीपाशी तू ती वाटी माझ्यापुढे धरून विचारलं होतंस, "माझं काम शिकशील का?" मला लाज वाटत होती तुझ्या कामाची. मी नको म्हणाले. तू वाटी मागे घेतलीस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. नको म्हटलं की हात मागे घ्यायचा, ही तुझी रीतच होती, हे मला परवा त्या भिंतीशी बसून कळलं. पण आये, तू अजून एकदा विचारशील म्हणून मी वाट बघत होते.